नऊ पॉइंट एक व्होल्टचा डायोड

बी.एस्सी. झाल्यावर काही महिने मी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या माडीवरच्या एका इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या दुकानात काम केलं. दुकानाच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. आमच्या चांदवडकडच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देताना उस्ताद म्हणायचे, "ग्रॅज्युएट हैं हमारे!" मला संकोच वाटायचा आणि बरंही वाटायचं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार त्यांच्या कोल्ड स्टोरेजच्या कंट्रोलरचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, उपरण्यात गुंडाळून घेऊन आले.

"माल तोडून शेडमधी ठेवलाय, उस्ताद. संध्याकाळपर्यंत खोली थंड नाय झाली तर देठ सुकतील. मग एक्स्पोर्टवाला हातबी लावत नाय."

उस्ताद नमाजला निघाले होते. त्यांनी कार्ड उजेडात धरलं. "कॉम्प्रेसरच्या रिलेचा झेनर गेलाय. शेजारी पंख्याचा तसाच आहे. तो काढून मोज, तेवढ्याचाच बसव. मी आलोच."

रिले म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच आणि झेनर म्हणजे व्होल्टेज एका ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा डायोड. तो आकडा झेनरच्या अंगावर छापलेला असतो. पण कुणी नक्कल करू नये म्हणून कार्ड बनवणाऱ्यानं दोन्ही डायोड पॉलिश पेपरनं घासून कोरे केले होते.

मी पंख्याचा डायोड काढला, रेझिस्टन्स लावून नऊ व्होल्टच्या नव्या बॅटरीला जोडला. मीटरवर आलं नऊ पॉइंट एक. पुस्तकातलं झेनरच्या आकड्यांचं कोष्टक मला पाठ होतं. नऊ पॉइंट एकचा झेनर खरोखरच बाजारात मिळतो. आमच्या डबीतही होता. तो बसवला, पंख्याचा परत जागेवर लावला. टेबलावर रिले टकदिशी लागली. बागायतदार आनंदानं कार्ड घेऊन जिना उतरले.

पाचेक मिनिटांनी उस्ताद आले. "कितीचा निघाला?"

"नऊ पॉइंट एक."

"कशावर मोजलास?"

"बॅटरीवर."

"आता नुसती बॅटरी मोज."

मोजली. नऊ पॉइंट एक.

"झेनर बाराचा असेल, पंधराचा असेल," उस्ताद शांतपणे म्हणाले, "नऊच्या बॅटरीवर तो गप्पच बसणार. तू बॅटरी मोजलीस, बेटा. कमी व्होल्टवर रिले तिकडे फडफडत राहील आणि कॉम्प्रेसर जाळेल."

मी अनवाणीच जिना उतरलो. कोपऱ्यावर चहा घेऊन बागायतदार मोटारसायकलला किक मारत होते.

"काका, थांबा! चुकीचा बसवलाय मी."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "कालेजात ह्येच शिकवलं का रं?"

"नाही. माझीच चूक झाली."

"बरं झालं पळत आलास. नायतर मोटर जळाल्यावर कळलं असतं." त्यांनी गाडी स्टँडवर लावली.

वर आल्यावर उस्तादांनी पंख्याचा डायोड पुन्हा काढायला लावला. या वेळी दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून अठरा व्होल्ट दिले. मीटर बारावर थांबला.

"आता तिसरी जोड."

तिसरी जोडली. तरीही बाराच.

"आता लिही," उस्ताद म्हणाले. "ज्याच्या अंगावर नाव नाही, त्याला दोनदा विचारायचं. दोन्ही वेळा तेच बोलला तर खरं."

कॉलेजात आठ जणांत एक मीटर होता. आकडे मी मागून वाकून बघायचो आणि वहीत उतरवायचो. पदवी खोटी नव्हती, पण आकड्यावर शंका घ्यायला मी त्या टेबलावर शिकलो.

बाराचा डायोड बसवला. कार्ड घेऊन जाताना बागायतदार म्हणाले, "पोचल्यावर फोन करतो." सातच्या सुमारास शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं खालून हाक मारली, "दिंडोरीचा फोन होता! खोली थंड व्हायला लागली म्हणे. आणि त्या अनवाणी पोराला सांगा म्हणाला."

उस्ताद हसले. तेवढ्यात टेपरेकॉर्डर घेऊन एक बाई वर आल्या आणि माझ्याकडे बघून जरा घुटमळल्या.

"द्या त्याच्याकडे," उस्ताद म्हणाले. "ग्रॅज्युएट हैं हमारे."