काउल बॉडीला हळदकुंकू

ग्लासगोत मला एकच शत्रू होता आणि तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. डॉ. केळकर! माझ्याच हॉस्पिटलात, माझ्यासारखाच भूलतज्ज्ञ, आणि छंदही माझाच, रेल्वेची छोटी मॉडेलं. (छंद आधी मला होता. नोंद असू द्या.)

२००३च्या सुमारास त्याने एक अमेरिकन डिझेल इंजिन बनवलं. काउल बॉडीचं, म्हणजे आतली सगळी यंत्रं झाकणारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध पेटी. जेमतेम दोन काडेपेट्यांएवढं ते इंजिन! माझी बायको मेधा बघून म्हणाली, "अय्या, किती सुरेख! रंगाचा एक ओघळ नाही."

माझ्या एकाही इंजिनाला ती 'अय्या' म्हणाली नव्हती. अंगाचा नुसता तिळपापड झाला! मीही तसंच किट मागवलं आणि पांढरंशुभ्र रंगवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चर्च हॉलमध्ये आमच्या क्लबचं प्रदर्शन होतं. तिथे केळकरला धूळ चारायचीच!

आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या यच्चयावत यंत्रांची पूजा होते. पाटावर माझा स्टेथोस्कोप, मेधाचा मिक्सर, शेजारी लॉनमोअर आणि मधोमध माझं इंजिन. एवढ्यात केळकर सोनं द्यायला आला, तो इंजिन घेऊनच!

"काकू, ह्यालाही हळदकुंकू लावा की."

"आण बाबा. पाहुण्याचा मान आधी," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "आई, आधी माझं! आणि भरपूर लाव!"

"अरे, पण केवढंसं ते..."

"लाव म्हणतो ना!"

आईने लावलं. पाणी शिंपडून, पाची बोटांनी, सढळ हाताने! केळकरच्या वाट्याला कुंकूच उरलं नाही, त्याच्या इंजिनावर नुसत्या चार अक्षता पडल्या. मी विजयी मुद्रेने माझ्या इंजिनाकडे बघितलं, तर छपरावरचं कुंकू ओघळत बाजूच्या हवेच्या जाळ्यांमध्ये शिरत होतं. पुसायला गेलो, तर आणखीच पसरलं.

"मेधा, थिनर आण!"

"वेडा आहेस का? रंगच निघेल!"

मेला केळकर सोफ्यावर श्रीखंड चाटत म्हणाला, "जाऊ दे रे. भाग घेणं महत्त्वाचं."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात परीक्षक आले. रेल्वेतून रिटायर झालेले म्हातारे स्कॉटिश गृहस्थ, हातात भिंग. केळकरच्या इंजिनाला "व्हेरी नीट" म्हणून पुढे सरकले आणि माझ्यापाशी थबकले. मी डोळेच मिटले.

"काय हा गंज!" त्यांचा आवाज चक्क कापत होता. "जाळीतून झिरपलेला, पावसाने पसरलेला! इतका खरा गंज मी मॉडेलवर कधी बघितला नाही. कुणाचं हे काम?"

'माझं' म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सत्यवचनी मेधा म्हणाली, "हिज मदर्स!"

बक्षीस आईला मिळालं! केळकरचं तोंड नक्कीच बघण्यासारखं झालं असेल, पण मला बघायला फुरसत कुठे होती? मी आईवर जळत होतो. (जन्मदात्या आईवर! होय!)

आई परत जाईपर्यंत केळकर रोज संध्याकाळी एकेक इंजिन घेऊन हजर. "काकू, जरा गंज चढवा ना!" आई आनंदाने चढवायची. मलाही काम होतं म्हणा. मी कुंकू कालवून द्यायचो.