भिंतीपलीकडचं निर्माल्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलीला नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथे तर मी दुसरंच काहीबाही मागत राहिले. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट ठाऊक नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. पाळी गावातलं घर सोडून — तिथे खाणीच्या ट्रकांची लाल धूळ ताटातसुद्धा यायची — आम्ही डिचोलीबाहेरच्या एका नव्या वसाहतीत राहायला आलो. मी शाळेत मराठी शिकवायचे. वसाहतीच्या मागे, भिंतीपलीकडे, एक रिकामा तुकडा होता. नकाशावर तिथे बाग होती. बिल्डर म्हणायचा, जागा पंचायतीला दिली. पंचायत म्हणायची, कागद झालेले नाहीत, आम्ही घेतलीच नाही. दोघांनीही कानांवर हात ठेवलेले. मग तिथलं बघणार कोण?

पण आम्ही आलो तेव्हा ती जागा स्वच्छ होती, हे सांगायलाच हवं. गवत होतं, काजूची दोन झाडं होती. कचरा नव्हता.

पहिली चतुर्थी आली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी बांधायला — सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, रानातली कसली कसली फळं — सुनंदा मदतीला होती. ती आमच्याकडे धुणंभांडी करायची. दोडामार्गाकडची, म्हणजे गोव्याच्या हद्दीबाहेरची, नवरा खाणीच्या ट्रकवर, आणि शेवटच्या इमारतीत भाड्याची एक खोली. माटोळी बांधून झाली तशी ती आपल्या गावच्या गणपतीला निघून गेली.

पाचव्या दिवशी आमचं विसर्जन झालं. पाळीला असतो तर उरलंसुरलं माडाच्या मुळात गेलं असतं. इथे माड कुठला? ओहोळ होता, पण लांब, त्यात पाऊस, त्यात माझी शाळा — नाही, कारणं द्यायला बसलेली नाही मी. पहाटे उठले, सडू लागलेली माटोळी आणि निर्माल्य पिशवीत कोंबलं आणि भिंतीवरून पलीकडे फेकलं. कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी कुणाची तरी पिशवी पडली. मग आणखी एक. नंतर कुणाची पडायची राहिली? दहा-बारा दिवसांत माशा, कुत्री आणि असा वास, की जेवताना खिडक्या लावून घ्याव्या लागत.

सुनंदा गावाहून परतली. एका सकाळी स्वयंपाकघराच्या जनेलातून मला ती दिसली — त्या घाणीत वाकून टोपलीत काहीतरी वेचत होती. दूर्वा. सुकलेले हार. आमचे सुपारीचे घोस. देवाचं पायदळी येऊ नये म्हणून ओहोळात सोडायला नेत होती. स्वतःच्या हातांनी बांधलेली माटोळी, तिला ओळखू येणार नाही? मी जनेलापासून मागे सरले. दुपारी ती नेहमीसारखी भांडी घासायला आली.

पण टोपलीवाली सुनंदा आणखी दोघांनी आपापल्या बाल्कनीतून पाहिली होती.

वसाहतीची बैठक भरली. त्या दोघांनी पाहिलेलं सांगितलं — टोपली घेऊन कचऱ्यात होती, म्हणजे टाकणारी तीच. 'हीं भायलीं अशींच,' बाहेरून आलेल्यांबद्दल कुणीतरी म्हणालं आणि माना डोलल्या. त्या डोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पिशव्या मला ओळखू येत होत्या. ठरलं ते असं — खोलीच्या मालकाला पत्र द्यायचं, हे बिऱ्हाड काढा. बोलणं सगळं कोंकणीत चाललेलं, पण पत्र मराठीत हवं, आणि अक्षर तर बाईंचंच चांगलं.

ते निर्माल्य माझं, ती उचलत होती. एवढंच म्हणायचं होतं ना मला? किती वेळ लागला असता? चोर सोडून संन्याशाला सुळी — ही म्हण मी दरवर्षी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचे. त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. 'सदर स्त्री कचरा टाकताना प्रत्यक्ष आढळली.' ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती त्यात. खाली पहिली सही माझी.

महिनाअखेरीस त्यांनी खोली सोडली. कुठे गेली, मी विचारलं नाही. जायच्या दिवशीही ती कामाला आली, भांडी घासून पालथी घातली. मग दारात थांबून, पदराला हात पुसत, हळूच म्हणाली, "बाईनू, भियां नकात. मी कोणाक सांगूचंय नाय."

म्हणजे तिला सगळंच ठाऊक होतं. माटोळी कुणी फेकली ते, आणि पत्र कुणी लिहिलं तेही.

मी काय म्हणाले? 'बरं' म्हणाले.

तुम्हाला वाटेल, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. तसं सांगायला मलाही आवडलं असतं. पण लाज पुष्कळ वर्षांनी आली, आणि आली ती गेली नाही. त्या दिवशी मला हायसं वाटलं. मी दार लावून घेतलं, आडवी झाले, आणि कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.