कोतवाल आणि आठवा फोटो

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत देवबागला घरी होतो. मुंबईला नोकरी करणारा थोरला भाऊ आपला बॉक्स कॅमेरा एक रोल भरून माझ्यापाशी ठेवून गेला. रोलमध्ये आठच फोटो. जाताना त्याने बजावलं होतं, सात तुझे, आठवा आई-बाबांचा.

बाबांचा तोवर एकही फोटो नव्हता. ते गलबतावर तांडेल होते, म्हणजे साऱ्या खलाशांना हुकूम सोडणारे. दुसऱ्याने ‘हलू नका’ म्हणायचं आणि आपण मुकाट बसायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर्षातले आठ महिने ते समुद्रावर, आणि तेवढे महिने आईला घरात त्यांचं तोंड बघायचं म्हटलं तर काही नव्हतं. आता ते कायमचे घरी आले होते, तरी एक फोटो असावा ही तिची हौस राहिलीच होती. तिने ती मला एकदाच बोलून दाखवली, तीही चुलीकडे तोंड करून.

मी हो म्हटलं आणि कोतवालाच्या नादी लागलो.

आमच्या खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेच्या आंब्यावर त्याचं घरटं होतं. बुलबुलाहून जरा मोठा, काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी. पण रुबाब फौजदाराचा. आभाळात घार दिसली की हा खालून सुटे, तिच्या पाठीवर टोचे मारत तिला थेट खाडीपार घालवी आणि परत येऊन त्याच फांदीवर बसे. कावळे आमच्या खळ्याला वळसा घालून जात. एका होल्याच्या जोडीने तर त्याच आंब्यावर खालच्या फांदीला संसार मांडला होता, पहारा फुकटचा म्हणून. घारीच्या पाठीवरचा कोतवाल मला कॅमेऱ्यात हवा होता.

बॉक्स कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्याच्या वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत सगळं उलट. पक्षी उजवीकडे गेला की काचेत डावीकडे जातो. मी डावीकडे वळायचो आणि तो उजवीकडून येऊन माझ्या डोक्यावर टोच मारून जायचा. मान खाली घालून उभा राहिलेला माणूस त्याला फारच सोयीचा पडला. पहिल्या दिवशी टोपी उडाली, तिसऱ्या दिवशी कान सोलला. पंधरा दिवसांत सात फोटो संपले.

मी मास्तर असल्यामुळे यातूनही निष्कर्ष काढला. आई त्या आंब्याखाली मिरच्या वाळत घाले, तिला काही नाही. बाबा उघड्या डोक्याने तिथेच दोर वळत बसत, त्यांनाही काही नाही. पांढरी टोपी घालणारा मी एकटा. म्हणजे त्याचा राग टोपीवर. मग माझ्या मनात पाप शिरलं. बाबांना माझी टोपी घालून आंब्याखाली बसवायचं. कोतवाल येणारच. एकाच फोटोत आई, बाबा आणि पक्षी.

बाबांना राजी करायला दोन दिवस लागले. त्यांची अट एकच, आधी गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, तर फोटो कसा निघणार? माझी टोपी घालून, नारळ पुढ्यात ठेवून बाबा डोळे मिटून उभे राहिले. ‘बा देवा म्हाराजा, आज हो झील ह्या पेटयेतसून आमचो फोटो काडता हा. मधी काय वाकडानाकडा आसात, तर ता दूर कर रे म्हाराजा.’ आई मागून ‘होय म्हाराजा’ म्हणाली. वाकडंनाकडं मी स्वतःच आहे, हे मला ठाऊक असल्याने मी कॅमेऱ्याची काच पुसू लागलो.

दोघं बाकावर बसली. परक्या बंदरात जकातवाल्यापुढे बसावं तसा बाबांचा चेहरा. कोतवाल बरोब्बर टोपीच्या वरच्या फांदीवर शेपटी हलवत होता. मी मान खाली घातली. काचेतला काळा ठिपका हलला, नाहीसा झाला, आणि माझ्या उघड्या टाळूवर सणसणीत टोच बसली. त्याचं वैर टोपीशी नव्हतं, माझ्याशी होतं. मी कॅमेरा पोटाशी धरून खळ्यात गरगर फिरलो, तोच दुसरी टोच बसली. मी मागच्या मागे मिरच्यांवर बसलो आणि बोट खटक्यावर दाबलं गेलं.

रोल मालवणच्या स्टुडिओत धुऊन आला. सात फोटोंत आभाळ, झावळ्या, माझा अंगठा आणि एक काळा ओरखडा. आठव्यात कोतवाल नव्हताच. फोटो तिरका होता. आईने तोंडाला पदर लावलेला आणि बाबा, टोपी मागे पडलेली, पडलेल्या दोन दातांसकट खदाखदा हसत होते.

बाबांचा पारा चढला. तांडेलाचा असा फोटो चारचौघांत दाखवायचा का, मुंबईहून दुसरा रोल मागव, मी नीट बसतो, असं म्हणून ते पडवीत दोर वळायला गेले. मला लाज वाटत होती. माझा सगळा डाव मी आईला सांगून टाकला आणि नवा रोल मागवतो म्हणालो.

आईने फोटो पदराने पुसला.

‘नको. तीस वर्सां मी तेंची वाट बघलंय. ईले तेवा दमलेले ईले, नायतर रागावलेले. असे हसताना तेंका माका कदी बघूकच गावाक नाय. आता गावले, ते ऱ्हवांदेत.’

पडवीत बाबांच्या हातातला दोर थांबला होता. दुसऱ्या रोलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.