डावशेठ आणि जन्माची चिठ्ठी

डावशेठना खराखुरा राजा भेटला असता, तरी त्यांनी त्याला आधी चिठ्ठी काढायला लावली असती. "जन्म काय मागून मिळतो का? काढा!" असं म्हणत ते चिठ्ठ्यांचा पितळी डबा नाकासमोर धरत. मग तुम्ही कुणी का असेनात.

मंठ्याच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. खरं नाव मोहन. आजोबा राजस्थानातून आलेले, पण डावशेठ आमच्यापेक्षा जास्त मंठ्याचे. पुण्याला इंजिनिअरिंगला गेले, आणि वडील अंथरुणाला खिळले म्हणून शिक्षण अर्ध्यावर टाकून परत आले. हॉस्टेलवरून येताना त्यांनी वीस तोंडांचा एक फासा आणला आणि त्याच्याबरोबर एक खेळ. त्या खेळाला ना पट, ना सोंगट्या. गोल बसायचं, प्रत्येकानं गोष्टीतला एक माणूस व्हायचं आणि त्याच्यासारखं वागायचं. डावशेठ गोष्ट पुढे नेणार, आणि तुमची उडी जमली की फसली हे फासा सांगणार.

रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर, कापडाच्या ताग्यांना टेकून आम्ही चौघं बसायचो. दुकानासमोर शिलाई मशीन टाकून बसणाऱ्या शिंप्याची मी मुलगी. जवळच्या खेड्यातल्या पाटलांचा विलास, आणि आमच्याच वर्गातले आणखी दोघं.

पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "कोण काय होणार?" चौघंही राजपुत्र! मीसुद्धा. किल्ल्याच्या दारापाशी पोचलो, तर आत आधी कुणी शिरायचं यावरून जुंपली. पोळ्याला तोरणाखालून आमचाच बैल आधी जातो, म्हणून मान माझा, असं विलास म्हणे. मी बरी ऐकून घेईन! घोड्यांना पाणी पाजायला तर कुणीच तयार नाही. संध्याकाळ झाली तरी किल्ला तसाच आणि घोडे तहानलेले. डावशेठ पोट धरधरून हसले. "चार राजे अन् चाकर एक न्हाई. असं राज्य चालतं व्हय?"

पुढच्या रविवारपासून चिठ्ठ्या आल्या. राजघराणं, सावकार, मेंढपाळ, चाकर. मोठ्या घरात जन्मलात तर सगळी दारं उघडी, पण तुम्हाला पळून जाता यायचं नाही, टपरीवर उभं राहून भजी खाता यायची नाहीत, आणि बाजारात भाव तर बिलकुल करायचा नाही. चाकराला मान नाही, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून राजवाड्यातली प्रत्येक बातमी आधी त्याला. "ताजवा बराबर पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताजवा म्हणजे तराजू; दुकानदारच शेवटी.

मला राजघराण्याची चिठ्ठी निघाली, म्हणजे मी राणी, आणि विलासला चाकराची. तो माझं गाठोडं वाहू लागला, आणि बेट्याला मजाही यायला लागली. पण बातमी खेड्यात पोचायला कितीसा वेळ! "पाटलाचं पोरगं शिंप्याच्या पोरीचं गाठोडं उचलून राह्यलंय." त्यातच पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि लग्नाचा बस्ता याच दुकानातून निघायचा होता. खाटेवरून डावशेठचे वडील ओरडले, "मोहन, पाटील रुसले तर बस्ता गेला. बंद कर ते खूळ!"

रविवारी पाटील स्वतःच जिना चढून आले. आम्ही ताडकन उभे राहिलो. विलास ताग्यांमागे लपला. खेळ बंद झाला, तर राणी व्हायला मला दुसरीकडे कुठे मिळणार होतं? डावशेठनी वाद घातला नाही. सतरंजीवर जागा करून दिली आणि डबा पुढे केला. "पाटील, एक डाव खेळून बघा. मंग बंद कर म्हणालात, तर आजच बंद."

पाटलांनी नाक मुरडत चिठ्ठी काढली. मेंढपाळ!

"तुम्ही बाजारात आलात. घोंगडी घ्यायचीय," डावशेठनी गोष्ट सुरू केली.

"दे एक," पाटील म्हणाले.

"कितीला, ते न्हाई इचारलं?"

"आम्ही इचारत नसतो."

"आता तुम्ही कुठं पाटील आहात?"

पाटील थबकले. मिशीतल्या मिशीत हसले, आणि मग जे सुटले! नसलेली घोंगडी उलटीपालटी केली, नसलेली भोकं दाखवली, रागानं निघून गेल्यासारखं केलं आणि परत आले. त्या दिवशीही राणी मीच; माझे शिपाई मागे लागले तर नसलेल्या गाडीखाली लपले. फासा मनासारखा पडला तेव्हा त्यांनी फेटा काढून मांडीच थोपटली. खेळ संपल्यावर म्हणाले, "जन्मात कधी भाव केला न्हाई बघा. सांगंल ते द्यायचं, न्हाईतर नाव जातं. आज लय बरं वाटलं."

डाव बंद करायचं राहूनच गेलं. पुढे पाटील बस्त्याला आले, तर एकेका शालूवर ही घासाघीस! खाटेवरच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. डावशेठ खूश. "ताजवा बराबर झाला, बापू!"

दोनेक वर्षांनी त्यांचे वडील वारले, दुकान विकलं आणि डावशेठ इंदूरला काकांकडे निघाले. आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. मला खूप रडू येत होतं. पाटीलही आले होते. बस लागली तशी त्यांनी वाकून डावशेठची लोखंडी ट्रंक उचलली आणि खांद्यावर घेतली. सगळा स्टँड बघतच राहिला. चारपाच जण धावले, "पाटील, द्या इकडं, हे काय करून राह्यलात?"

"सरका," पाटील म्हणाले. "आज चाकराची चिठ्ठी निघालीय."

 डावशेठनी खिशातून फासा काढून माझ्या मुठीत दाबला आणि पाटलांच्या मागोमाग बसमध्ये चढले.