शर्यतीच्या बुटाला नाल

बेंगळूरच्या शिवाजीनगरातल्या मुनीरभाई बूटवाल्यानं मला फसवलं. मी जे जे मागितलं, ते सगळं त्यानं दिलं!

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. आमची निपाणी म्हैसूर राज्यात गेली, त्याच्या आधीच मी रिकाम्या हातानं बेंगळूरला आलो होतो. दुकान उभं केलं ते आवाजाच्या आणि तराजूच्या जोरावर. आमच्या धंद्यात जड ते चांगलं. हलकं भांडं दिसलं की समजावं, कुणीतरी कुणालातरी बुडवतोय.

धाकटा भाऊ मधू एका सरकारी कारखान्यात टेंपररी फिटर होता. कारखान्याच्या वार्षिक शर्यतीत जो पहिला येईल त्याला संघात घेऊन कायम करणार, असं साहेबांनी सांगितलेलं. धारवाडच्या एका गृहस्थांना मधू जावई म्हणून पसंत होता, पण टेंपररीला ते मुलगी देणार नव्हते. म्हणजे नोकरी, बायको, संसार, सगळं मधूच्या दोन पायांवर! आणि पाय असे होते की आनेकलच्या रस्त्यावर तो पळायला निघाला की बसमधले लोक ड्रायव्हरला टोमणे मारायचे.

"अण्णा, शर्यतीला दुसरे बूट लागतील," तो एक दिवस म्हणाला.

"पायात आहेत ते काय पराती आहेत?"

"हे सरावाचे. रोज जड बूट घालून पळायचं आणि शर्यतीच्या दिवशी हलका घालायचा. मग पाय उडतात."

मी मुनीरभाईकडे गेलो. त्यानं नमुन्याचा बूट हातात दिला. पापडासारखा! भाव ऐकला आणि माझं डोकं फिरलं.

"वजन निम्मं आणि भाव दुप्पट? दरोडा घालतोस?"

"सेठ, दौड का जूता हल्का-च होना."

"मला धंदा शिकवू नकोस! या भावात वर काय देणार ते बोल."

तो गप्प राहिला. (गप्प राहिलेला दुकानदार म्हणजे वाकलेला दुकानदार, असा माझा अनुभव.) मी म्हणालो, "आणखी एक तळ लाव." त्यानं मान हलवली. "टाचेला चामड्याची दुहेरी पट्टी." मान हलली. "आणि खाली नाल ठोक, लोखंडी. झिजायला नको."

"सेठ, नाल?"

"नाल!"

"सरी, ठीक है," तो म्हणाला. एवढ्या सहज माघार घेणारा माणूस मी शिवाजीनगरात पाहिला नव्हता. तिथंच मला शंका यायला हवी होती!

शर्यतीच्या आदल्या दिवशी मधू कामावर असताना मी बूट आणायला गेलो. जाताना त्याचा सरावाचा जोडा पिशवीत घातला. आमच्याकडे नवं भांडं घेताना जुनं मोडीत घालायची पद्धत आहे. बुटाला ती का नसावी? तासभर भांडून तो जोडा मोडीत घातला, त्याबद्दल आणखी भाव पाडला आणि घरी आलो तो विजयी मुद्रेनं.

बायकोनं जोडा उचलून पाहिला. "अहो, हे बूट आहेत की खलबत्ते?"

"माल आहे, माल! हाताला लागतो की नाही?"

सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी मधूनं बूट पायात घातले. एक पाऊल टाकलं. खण्ण! त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा, माझा जुना जोडा कुठाय?"

"मोडीत घातला."

"मग अनवाणीच पळतो मी."

"एवढी घासाघीस करून आणलाय! घालून पळ!"

थोरल्या भावाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. तेव्हा तरी मोडायचा!

शिट्टी झाली. मधू सगळ्यांच्या पुढे. खण्ण, खण्ण, खण्ण! पुढच्या वळणावर एक म्हातारा पाठमोराच ओरडला, "जटका बंतु, दारी बिडी!" म्हणजे टांगा आला, वाट सोडा! रस्ता एकदम मोकळा झाला. मला वाटलं, बघा, नालेचा फायदा!

परतीच्या चढावर तो आवाज संथ झाला. खण्ण... मग बराच वेळ काही नाही... खण्ण. कारखान्यातलाच आनेकलचा एक टेंपररी हमाल, पायात काहीही नसलेला, आमच्या घोड्याच्या बाजूनं सुळकन पुढे गेला. मधू दुसरा आला. हमाल कायम झाला. धारवाडच्या मुलीचं लग्न बेळगावात ठरलं.

मी तडक शिवाजीनगर गाठलं. "अरे, तुला कळत होतं ना? मग नाही का म्हणाला नाहीस?"

मुनीरभाई शांतपणे दोरा ओवत होता. "सेठ, एक बार बोला मैं. दूसरी बार बोलने का मौका आप दिए?"

मधू पुढे भद्रावतीला नोकरीला गेला. दिवाळीला येतो, माझ्या पाया पडतो, पोरांना खाऊ आणतो. त्या शर्यतीबद्दल अवाक्षर काढत नाही आणि त्यानंतर तो पळालाही नाही. बस सुटत असली तरी चालत जातो. ते मला बघवत नाही.

म्हणून मी जाहीर विचारतो: माझ्या भावाचे पाय कुणी बांधले? याचा जाब मला मुनीरभाईकडूनच हवा. मधूला कुणी विचारू नका. तो खरं सांगून मोकळा होईल!