हिद्दची वही आणि दुसरा कप

हे लिहायला बसले, कारण सात महिने मी एक वही उलटी भाषांतरित केली आणि ते मला बहारिनला जाऊन कळलं. जपानी शिकून मला पस्तीस वर्षं झाली, त्यामुळे सबब नाही.

वही हसनभाईंची. मूळचे रत्नागिरीचे, बहारिनमधल्या हिद्दला जहाजदुरुस्तीत फोरमन होते. त्यांच्या दिवंगत जपानी इंजिनिअर मित्राने स्वतः लिहून दिलेली. पानाला एक कविता. ना तारीख, ना आकडा. तिथे नोकरीला असलेला माझा भाचा निखिल फोटो पाठवी, मी मराठी करी, तो हसनभाईंना वाचून दाखवी. आधी रिकामं घर, मग बायकोचं आजारपण, शेवटी ती संत्रं सोलते. 'शोकाकडून आशेकडे' अशी प्रस्तावनाही मी लिहून टाकली. पुस्तक छपाईला जाणार, तेवढ्यात हसनभाईंचा निरोप: "असं झालं नव्हतं." कवी म्हणजे बखरकार नव्हे, असं मी ठणकावलं. पण झोंबलं. मूळ वही बघायला निघाले.

व्हिसा घरबसल्या मिळतो. मे महिन्यात मात्र जाऊ नका. विमानतळापासून हिद्द जवळ आहे, तरी निखिलने एकाच चौकाला तीन फेऱ्या मारल्या.

"मॅप सरळ म्हणतोय, मावशी."

"मॅप बंद कर आणि माणसाला विचार."

हसनभाईंकडे बांगड्याचं तिखलं आणि खुबूस, म्हणजे तिथली रोटी, जेवलो. मग त्यांनी वही आणली आणि उजवीकडून उघडली. पहिल्याच पानावर संत्रं.

"तुम्ही निखिलला सांगितलं नाहीत?"

"सांगितलेलं. कुराणासारखी उघड म्हटलं. तो म्हणाला, मावशीला सगळं ठावूक."

निखिल मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. जपानी वही उजवीकडून सुरू होते, हे मला ठाऊक होतंच. फोटो कुठल्या टोकापासून काढलेत, एवढंच विचारलं नव्हतं.

"आता नीट वाचा, बाय," हसनभाई म्हणाले. "त्याची बायको गेली त्यानंतर त्यानं तिचं नाव काढलंन नाय. काय लिवलंन ते मला ऐकायचंय."

वाचलं. शेवटी रिकाम्या घरात तो दोन कप धुतो. दुसरा कोणाचा ते मुळात नाही, फक्त 'दुसरा कप' आहे. मी शहाणपणाने 'पाहुण्याचा' केला होता.

हसनभाईंनी चष्मा काढला. "ती गेल्यावर मला चाय नेहमी गिलासात द्यायचा. दुसरा कप समोर असायचा. मी रागवायचो."

मी 'पाहुण्याचा' खोडून 'तिचा' लिहिलं.

पुण्याला येऊन आधी प्रस्तावना फाडली. कवितांत फार बदलावं लागलं नाही, याचाच जास्त संताप येतो. चुकीच्या क्रमातही त्या मला पटल्या होत्या.

सुट्टीवर आलेल्या निखिलच्या हस्ते हसनभाईंना पोचतं केलं: मराठी हस्तलिखित एक, पानं एकतीस, त्यांनी सांगितल्याप्रमाणे उजवीकडून उघडेल असं शिवून. मूळ वही त्यांच्याकडेच.