खेळातलं हळदीकुंकू

माझी आत्या लग्न होऊन चेन्नईला आली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हतो. काका इथल्या एका संरक्षण कारखान्यात होते. मी नोकरीसाठी आलो तो फार नंतर, चाळिशीच्या तोंडावर. वेलचेरीत तिची इमारत आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मोबाइलवरचे खेळ बाजारात आणणाऱ्या एका कंपनीत मी काम करतो. खेळ बनवणारे वेगळे. आम्ही जाहिरात करतो, विकतो, आणि खेळणाऱ्यांना कंपनी आपली वाटत राहील असं बघतो. हे शेवटचं काम माझ्याकडे आहे.

आमच्या एका खेळात आपलं छोटं गाव वसवायचं असे. घर, अंगण, विहीर, झाडं. दुसऱ्याच्या गावात जाऊन त्याच्या अंगणात पैसे देऊन घेतलेली भेटवस्तू ठेवून येता येई. गावात एक पोस्टमास्तर होता. कुणी काही विचारलं, तक्रार केली, की तो उत्तर द्यायचा. मराठीतली त्याची उत्तरं मी लिहायचो. ‘विहिरीचं बघतो, जरा धीर धरा’, ‘सूनबाईंची परीक्षा कशी झाली?’ अशी. लोकांचा त्याच्यावर फार जीव. दुसऱ्या कंपन्यांना शिव्या घालणारे लोकही लिहायचे, इथे निदान कुणीतरी ऐकून घेतं.

आत्याला हा खेळ मीच शिकवला. काका गेल्यानंतर तिचे दिवस सरत नसत. काका असताना ती दरवर्षी थाटात हळदीकुंकू करायची. ते गेल्यावर पहिल्या संक्रांतीला तिला शेजारच्या इमारतीत बोलावणं होतं, पण कशाचं ते मी तिला घ्यायला गेलो तेव्हा पाहिलं. बाहेर बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि आत्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लाडू वळत होती. बाहेर हशा झाला की तीही हसत होती. तिला कुणी आत जा म्हटलं नव्हतं. तिची तीच गेली होती.

टाळेबंदीनंतरच्या संक्रांतीला कुणी कुणाच्या घरी जायला तयार नव्हतं. मग आत्याच्या फोनवरच्या ग्रुपमधल्या, हाच खेळ खेळणाऱ्या इथल्या मराठी बायकांनी हळदीकुंकू खेळातच केलं. कुणी बँकेतली, कुणी रेल्वेतल्या नवऱ्यामागे इथे आलेली, एक तंजावरकडची, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. सगळ्या एकमेकींच्या गावात जाऊन वाण ठेवून आल्या. सगळ्यांत सुंदर अंगण आत्याचं होतं, त्यामुळे सगळ्या तिथेच जमल्या. हिला चालतं का, तिला चालतं का, असा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. पुढे जाणंयेणं सुरू झालं तरी अंतरं लांब म्हणून खेळातलं हळदीकुंकू चालूच राहिलं, आणि यजमानीण आत्याच राहिली.

ऑफिसातल्या एका बैठकीत विचारलं गेलं, जानेवारीत मराठी लोक एवढ्या भेटवस्तू का घेतात? मी सांगितलं. वाण काय, हळदीकुंकू काय ते सांगितलं, आणि तिथेच थांबलो नाही. ओट्याशी उभं राहून हसणारी आत्याही सांगितली. नाव घेतलं नाही, एवढंच. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यावर छोटी फिल्म निघाली. स्वयंपाकघरात एक म्हातारी लाडू वळतेय, फोन वाजतो, तिच्या गावात सगळ्या जमलेल्या. शेवटी अक्षरं येतात: इथे सगळ्यांना बोलावणं आहे. लोक रडले. अशी कंपनी दुसरी नाही, असं शेकड्यांनी लिहिलं. आत्यानंच मला ती फिल्म पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘बघ रे, तुमच्यात कुणीतरी माणूस आहे.’ मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर वरून कळलं की हा खेळ बंद करायचा. खर्च निघत नव्हता. पण संक्रांतीला विक्री चांगली होते, तेव्हा सण आटोपल्यावर जाहीर करू, असं ठरलं. सण कधी आटोपतो, असं मला विचारलं गेलं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तोवर थांबा, असं मीच सांगितलं. त्या खोलीत हे माहीत असलेला दुसरा कुणी नव्हता.

खेळणाऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली होती. नवीन काही येत नाही, हे लोक गाशा गुंडाळणार, असं काही जण म्हणत. बाकीचे त्यांच्यावर तुटून पडत: ती फिल्म काढणारी कंपनी असं करेल का? पोस्टमास्तर त्या भांडणात काही बोलला नाही. तशा सूचना होत्या.

संक्रांतीच्या आधी मी आत्याकडे गेलो तेव्हा ती तीळ भाजत होती.

“अरे, ग्रुपवर चाललंय, खेळ बंद होणार म्हणून. त्या बँकवालीच्या मुलानं कुठेसं वाचलं म्हणे.”

“लोकांना काय गं, बोलायला काहीतरी लागतं.”

“तसं नाही. बायका मला विचारतात, तुमचा भाचा आहे ना तिथे. आणि मी यंदा मोठं अंगण घ्यायचं म्हणतेय, तुळशीवृंदावनाचं. बंद होणार असेल तर आत्ताच सांग बाबा. उगाच हसं नको.”

“घे गं. घे अंगण.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोरच ग्रुप उघडून फोन तोंडाशी धरला. “ऐका गं, भाच्याला विचारलंय. काही बंदबिंद होत नाही. तो इथेच बसलाय माझ्यासमोर, तीळ खातोय.”

मी खरंच तीळ खात होतो.

त्या वर्षी तिच्या अंगणात कधी नव्हे एवढी गर्दी झाली. रथसप्तमी उलटली आणि पोस्टमास्तरानं निरोप घेतला. तो निरोपही मीच लिहिला. संध्याकाळपर्यंत हजारोंनी उत्तरं आली. एकानं लिहिलं, ‘पोस्टमास्तरसुद्धा पगारीच निघाला.’ दुसऱ्या कुणी विचारलं, ‘त्या फिल्ममधल्या आजींनी आता कुठे जायचं?’

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट आत्याकडे गेलो. तिनं पाणी दिलं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“तीळ भाजत होते तेव्हा?”

“हो.”

ती खुर्चीवर बसली. “मी शब्द दिला रे त्यांना.”

“मी बोलतो त्यांच्याशी. एकेकीला फोन करतो.”

“तू बोललास तर कोण खरं मानेल?” हे ती रागानं बोलली नाही. तिला अडचण पडली होती आणि ती तिच्यातून वाट काढत होती, एवढंच. मग तिनं फोन उचलला. “ऐका गं, माझंच ऐकण्यात चुकलं. तो बिचारा दुसऱ्याच कुठल्या खेळाचं सांगत होता. माझ्यामुळे तुमचे पैसे गेले, राग मानू नका.”

बिचारा हा शब्द मी समोर बसून ऐकला. नको, असं म्हणालो नाही.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “ती फिल्म होती ना, लाडू वळणाऱ्या बाईची. ते तूच सांगितलंस ना त्यांना?”

मी मान हलवली.

“मला तेव्हाच वाटलं होतं. तुझ्याखेरीज त्या दिवशी आत आलं कोण होतं? आवडलं होतं मला. म्हटलं, चला, कुणाचंतरी लक्ष होतं आपल्याकडे.”

तिनं मला रागावायला हवं होतं. ती चहा टाकायला उठली.

यंदा संक्रांतीला बायकांनी पुन्हा घरी हळदीकुंकू केलं, त्या तंजावरकडच्या बाईंकडे. आत्यानं लाडवांचा डबा माझ्या हाती दिला. दार त्या बाईंनीच उघडलं आणि माझ्या मागे जिन्यात पाहिलं.

“आत्याबाई कुठं? मी घरी जाऊन बोलावून आले होते. हळदीकुंकवालाच बोलावलं होतं, कामाला नाही.”

“पाय दुखतात तिचे,” मी म्हणालो.

“काल तर बाजारात भेटल्या.” त्यांनी डबा घेतला. “त्या पैशांचं मनात धरून बसल्यात का? सांगा त्यांना, ऐकण्यात कुणाचंही चुकतं.”

चुकलेली ती नाही, हे तिथे उंबऱ्यात सांगता आलं असतं. आतून बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. “सांगतो,” म्हणून मी जिना उतरलो.

रिकाम्या हातानं परत गेलो तेव्हा आत्यानं कोण कोण आलं होतं ते विचारलं. मग वाटीतून तिळगूळ काढून माझ्या तळहातावर ठेवला.

“घे,” ती म्हणाली.

मी हात तसाच पुढे धरून उभा होतो. लहानपणापासून दर संक्रांतीला ती पुढचे दोन शब्द म्हणत आली आहे. ती वाटीवर झाकण ठेवून आत गेली.